गेलो म्हणजे कोण गेला

तोंडवली,
१२ सप्टेंबर २०२५

बोटीवर पोरं पाठवणाऱ्या तोंडवलीच्या आयांनो आणि बायकांनो,

पोरगा बोटीवर चढेपर्यंत एजंट दिवसातून तीनदा फोन करतो. पोरगा अडकला की आपण फोन करतो आणि तो वाजत राहतो. कुडाळचा माणूस मुंबईला जा म्हणतो, मुंबईवाले दिल्लीला लिहा म्हणतात आणि दिल्लीहून इंग्रजीत दोन ओळी येतात की आपलं पत्र पोचलं. हे आपल्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी सोसलं आहे आणि प्रत्येकीनं ते आपल्याच नशिबावर ढकललं आहे. ते नशीब नव्हतं. आपण एकेकट्या होतो, म्हणून कोणाला उत्तर देण्याची गरज वाटली नाही.

सुगंधाचा ओंकार चोवीस वर्षांचा आहे. बोटीच्या इंजिनाचं तेलपाणी बघतो. एकोणतीस ऑगस्टला परक्या बंदरात इंजिनघराला आग लागली. एक खलाशी मेला, ओंकारचे हात भाजले. बंदराच्या पोलिसांनी त्याला इस्पितळातून उचलून तुरुंगात टाकलं. का, ते चौदा दिवसांत त्याच्या आईला कोणी सांगितलेलं नाही.

माझी भाची संचिता त्याच देशात, आपल्याच दूतावासात अधिकारी आहे. तिचा नवराही तिथेच अधिकारी आहे. ती आपल्या वाडीत वाढली. हे पत्र मी मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावते आहे आणि शेजारची अँजेला त्याचा फोटो काढून संचितालाही पाठवील.

आनंदीबाई

ता. क. संचिता, तीन निरोप पाठवले. चौथा सगळ्या गावासमोर पाठवते आहे. राग येत असेल तर येऊ दे, पण उत्तर दे.

॥

१५ सप्टेंबर

आते,

फळ्यावर लावलंस ते बरं नाही केलंस. पण तू तेच करणार हे मला माहीत असायला हवं होतं. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस.

आग लागली त्या आठवड्यात मी इथे नव्हते. दिल्लीहून आलेल्या शिष्टमंडळाबरोबर उत्तरेकडच्या शहरात होते. तुरुंगात अडकलेले, मेलेले, पासपोर्ट हरवलेले भारतीय हे सगळं माझ्या टेबलाचं काम. ते त्या चार दिवसांत दुसऱ्यांनी पाहिलं. मी परतले तेव्हा फाईल पुढे गेलेली होती.

आम्ही दोघं एकाच दूतावासात आहोत याचं गावात कौतुक होतं, म्हणून सांगते. मी तळमजल्यावर, जितेंद्र तिसऱ्या मजल्यावर व्यापाराचं बघतो. मेजवानीत आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना बसवतात. घरात आमचा एकच नियम आहे, जेवताना फायली बोलायच्या नाहीत. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं दोन देशांत काढली. आता एका छपराखाली आहोत तर निदान जेवण तरी सरकारचं नसावं.

आता जे लिहिणार आहे ते बसून वाच. ओंकारने लेखी जबाबात कबूल केलं आहे. धूर दिसल्यावर तो घाबरला, व्हॉल्व्ह उघडाच टाकून वर पळाला, दार ओढून घेतलं आणि बोटीवरून उतरला. तो खलाशी आतच राहिला. पुढे लिहिलंय की मला आणखी काही सांगायचं नाही, खालच्या त्या दुसऱ्याला हाका मारत होतो. इंग्रजी भाषांतर मी स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. त्याला मी लहानपणापासून ओळखते, म्हणून दोनदा.

वकील दिला आहे. शिक्षा कमी व्हावी म्हणून प्रयत्न करू. सुगंधावैनींना तूच सांग. माझ्याकडून ते कागदी वाटेल.

संचिता

॥

तोंडवली,
१७ सप्टेंबर

संचिता,

सांगितलं. ती कोळंबी सोलत बसली होती. मी बोलत होते आणि तिचे हात चालूच होते. माझं संपल्यावर म्हणाली, "आनंदीबाय, आमचो ओंकार पळालो?" मी म्हटलं, कागदावर तसं आहे. ती म्हणाली, "मगे हात कशान भाजले? पळताना?"

मी चाळीस वर्षं सभा गाजवल्या. बंदराच्या सुनावणीत अधिकाऱ्यांना घाम फोडला. त्या बाईचा एवढासा प्रश्न घेऊन मी उठले. घरी येऊन मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. जो पहिला पळाला, दार ओढून उतरला, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत कसे भाजतील? तुमच्या दूतावासात एवढी शिकलेली माणसं आहेत. हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही आणि चौथी शिकलेल्या सुगंधाला पडला.

तू भाषांतर वाचलंस. मला भाषांतर नको. पोराने स्वतःच्या हाताने काय लिहिलं ते पाठव. एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

आनंदी आते

॥

२२ सप्टेंबर

आते,

काल तुरुंगात जाऊन आले. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, उजव्याची बोटं मोकळी आहेत, त्यांनीच त्याने तो जबाब लिहिला होता. मला बघून उभा राहिला. "मॅडम, आपण आलात, बरं वाटलं," म्हणाला. शाळेतल्यासारखं मराठी. कचेरीतल्या माणसाशी आपल्याकडे बोलतात तसं. मी पण तसंच बोलले. शेजारी पहारेकरी होता, वेळ वीस मिनिटांची. विचारलं, जबाबात लिहिलंस ते खरं का? म्हणाला, "अक्षर अन् अक्षर खरं आहे, मॅडम. बदलणार नाही." आता आणखी काय विचारणार?

फाईलची छायाप्रत बाहेर पाठवता येत नाही. म्हणून मूळ कागद समोर ठेवून हाताने उतरवते आहे. एवढंही मी करायला नको.

"तिसरो इंजिनीर माझ्यावांगडा खाली होतो. पंपाकडे धूर दिसलो. व्हॉल बंद करूचो होतो. घाबरलो. व्हॉल तसोच सोडून वर गेलो. दार ओढून घेवन बोटीवरसून उतारलो. माका कायएक सांगूक नाय. मी खाली त्या दुसऱ्याक हाका मारी होतंय."

बघ. तुला वाईट वाटेल, पण बघ.

संचिता

॥

तोंडवली,
२३ सप्टेंबर

संचिता,

तू हे स्वतःच्या हाताने उतरवलंस आणि तुला दिसलं नाही?

अँजेलाने फोनवर तुझं पत्र उघडलं तेव्हा आम्ही तिघी सुगंधाच्या पडवीत होतो. मी वाचून दाखवलं. सुगंधा म्हणाली, "ह्यां तर तो त्या इंजिनीराचा सांगता." अँजेला म्हणाली, "गेलो म्हणजे तो गेलो. आपण गेल्यार गेलंय लिवतलो ना?" दोघींना एक क्षण लागला नाही. मला मात्र उठून आत जावं लागलं. पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं.

तुझ्या दूतावासासाठी सावकाश लिहिते. 'माझ्यावांगडा' म्हणजे माझ्याबरोबर. आमच्या बोलीत 'गेलो' म्हणजे तो गेला. 'घाबरलो' म्हणजे तो घाबरला. 'उतारलो' म्हणजे तो उतरला. स्वतःबद्दल बोलताना आम्ही 'गेलंय' म्हणतो. पोराने शेवटच्या ओळीत स्वतःबद्दल लिहिलं तेव्हा काय लिहिलं? 'हाका मारी होतंय.' 'होतो' नाही. आणि 'माका कायएक सांगूक नाय' याचा अर्थ मला काही सांगायचं नाही असा नाही. त्याने मला काहीच सांगितलं नाही, असा आहे. इंजिनीर एक शब्द न बोलता पळाला आणि ओंकार खाली राहून त्या मेलेल्या पोराला हाका मारत होता.

त्याने साक्ष दिली. तुम्ही तिचा कबुलीजबाब केलात.

मराठी येणाऱ्या माणसाशिवाय हे कोणाला जमलं नसतं. मराठी न येणाऱ्याने निदान कोणाला तरी विचारलं असतं. कोणी केलं हे भाषांतर? मला नाव हवं आहे.

आनंदी आते

॥

६ ऑक्टोबर

आते,

तेरा दिवस लिहिलं नाही. लिहायला बसत होते आणि उठत होते.

जितेंद्रने केलं.

मी उत्तरेला होते तेव्हा माझ्या टेबलाचं काम त्याच्याकडे होतं. पोलिसांनी कागद पाठवला, मराठी आहे म्हणून. दूतावासात मराठी येणारे आम्ही दोघंच. जेवताना फायली बोलायच्या नाहीत, म्हणून त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भाषांतराखाली फक्त दूतावासाचा शिक्का होता. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रजिस्टर पाहिलं. त्याचं नाव होतं. मी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. नाव तेच होतं.

आणि मी? मूळ कागदावर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर उतरवलं. घाबरलो, गेलो, उतारलो. तरी माझ्या कानाला 'मी'च ऐकू आलं. आते, रागावू नकोस, पण एक आठवण येते. पाचवीत, तुझ्याच वर्गात, 'बाबा मुंबईक गेलो' म्हटलं म्हणून तू मला बाकावर उभं केलं होतंस. 'गेला' असं शंभरदा लिहून घेतलंस. मी लिहिलं. तुला दोष देत नाही. मला परीक्षा पास व्हायच्या होत्या आणि तू त्या पास करवल्यास. पण तो शब्द माझ्यातून तेव्हा गेला तो गेलाच.

जितेंद्रला सांगितलं तेव्हा त्याने स्वतः जाऊन रजिस्टर पाहिलं. मग म्हणाला, राजदूतांना सांगू. सांगितलं. त्यांनी न्यायालयाला एक टिपण पाठवायचं ठरवलं: "सदर मजकुराचा पर्यायी अर्थ संभवतो." कोणी चूक केली ते त्यात नाही. ते म्हणाले, राजनैतिक अधिकाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही, व्हिएन्नाच्या करारात तसं संरक्षण आहे, ते सोडू नका. त्याच्या सेवापुस्तकात हे गेलं तर पुढची नेमणूक एकत्र मिळणार नाही. हे त्यांनी बोलून नाही दाखवलं. दाखवायची गरज नव्हती.

टिपण शुक्रवारी गेलं. न्यायालयाने फाईलला लावून ठेवलं. ओंकार आतच आहे.

संचिता

॥

तोंडवली,
८ ऑक्टोबर

जितेंद्रराव,

तुम्ही आमचे जावई. चार वर्षांपूर्वी माझ्या पडवीत तुम्ही सोलकढी तीनदा मागून घेतलीत आणि मी सुगंधाला म्हटलं, माणूस साधा आहे. त्या माणसाला हे पत्र आहे.

तुमचं नाव वाचून मला जो धक्का बसला तो मी लपवणार नाही. मी एखादा आळशी कारकून डोळ्यांपुढे धरून त्याला शिव्या देत होते. आणि निघालात तुम्ही. पुस्तकं वाचणारे, भाषेवर प्रेम करणारे, मला दरवर्षी दिवाळी अंक पाठवणारे.

माझाही हिशेब मांडते, मग तुमच्याकडे वळते. एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराच्या तोंडातून 'गेलो' काढून 'गेला' घातला आणि त्याला सुधारणा म्हटलं. ओंकारही माझ्याच वर्गात होता. त्याचं मी पुरतं सुधारू शकले नाही. हात भाजल्यावर, डोळ्यांदेखत माणूस मेल्यावर, त्याच्या बोटांतून त्याच्या आईची भाषा उतरली. मला माझ्या एकतीस वर्षांची लाज वाटते. सोसायटीच्या सभेत मी हे उद्या बोलणार आहे.

आता तुम्ही. "पर्यायी अर्थ संभवतो." हे वाक्य कोणी लिहिलं मला विचारायचं नाही. तुम्ही ते जाऊ दिलंत. या वाक्याचा अर्थ असा की कदाचित ओंकार पळाला, कदाचित नाही. तुम्हाला माहीत आहे की तो पळाला नाही. मग कदाचित कोणासाठी ठेवलंत? व्हिएन्नाचा करार मीही वाचला आहे. साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही, बरोबर. पण सरकारने परवानगी दिली तर तुम्हाला उभं राहता येतं. करार तुमचं तोंड बांधत नाही, दुसऱ्याने बळजबरीने उघडू नये एवढंच म्हणतो.

माझ्या संचिताचा संसार यात आहे हे मला कळतं. तीन वर्षं ती एकटी जेवली, ते तिने मला सांगितलं नाही तरी मला माहीत होतं. तरीही लिहिते. दिल्लीकडे परवानगी मागा. न्यायालयात उभे राहा. सांगा की वाचण्यात चूक झाली आणि ती मी केली. ओंकारला बाहेर काढण्याचा दुसरा रस्ता असेल तर मला दाखवा. मला दिसत नाही.

आनंदीबाई

॥

३ नोव्हेंबर

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र संचिताने जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं. नियम तिनेच मोडला.

मी अकोल्याचा. 'गेलो' म्हणजे मी गेलो, याबद्दल आयुष्यात कधी शंका आली नव्हती. त्या कागदातले 'माका', 'वांगडा' हे शब्द मला अडले होते. त्यांच्यावर मी थांबलो, अंदाज बांधले. 'गेलो'वर थांबलो नाही, कारण तो मला येत होता. चाळीस मिनिटांत काम संपवलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी फाईल हातावेगळी केली याचं मला समाधान वाटलं होतं.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी संचिताला म्हटलं, तो जबाब मला मोठ्याने वाचून दाखव, तुमच्या घरात वाचाल तसा. तिने वाचला. चार वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकला नव्हता. ओळ संपायच्या आत मला अर्थ कळला. तीही मधेच थांबली. आम्ही दोघंही पुढे जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी परवानगीचा अर्ज केला. एकोणीस दिवसांनी ती आली. तीस तारखेला न्यायालयात उभा राहिलो. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचं मराठी चूक की त्याचं?" मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत. मी त्याचं वाचलं नाही, माझंच वाचलं.

ओंकार समोर होता. दुभाषा त्याला हे समजावत होता तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. आपण काही कबूल केलंय हे त्याला माहीतच नव्हतं, आत्या. इंजिनीरचं नाव घेतलं म्हणून कंपनीने आपल्याला आत टाकलंय, असं तो दोन महिने समजून होता. म्हणून तर संचिताला म्हणाला होता, बदलणार नाही. सुनावणी संपल्यावर माझ्याजवळ आला. मला वाटलं बोलणार नाही. म्हणाला, "साहेब, आवयक सांगा, मी पळूक नाय." आईला एवढाच निरोप.

पण काम अजून पुरं झालेलं नाही. सरकारी वकील म्हणाला, साक्षीदाराची पत्नी आरोपीच्या गावची आहे, अर्थ बदलला तो तिच्या सांगण्यावरून. न्यायाधीशबाईंना ते पटलं नाही, पण दुर्लक्षही करता आलं नाही. त्यांनी अठ्ठावीस नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली आहे. त्या किनाऱ्यावरच्या, ओंकारच्या आणि संचिताच्या नात्यात नसलेल्या किमान वीस माणसांची शपथपत्रं हवीत, नोटरीसमोर केलेली. त्यांच्या रोजच्या बोलण्यात 'तो गेला' कसं म्हणतात आणि 'मी गेलो' कसं म्हणतात, एवढंच. ती आली तर खटला राहत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

डिसेंबरात माझी दिल्लीला बदली आहे. संचिता इथेच राहील. तिने तुम्हाला हे लिहू नको म्हटलं होतं.

आपला,
जितेंद्र

॥

तोंडवली,
१० नोव्हेंबर २०२५

तोंडवलीच्या आणि आचऱ्याच्या लोकांनो,

परदेशातलं एक न्यायालय तुमची बोली ऐकायला थांबलं आहे. आपल्याच तालुक्याच्या कचेरीत ती बोलताना आपण खाली बघतो. मीच तुम्हाला खाली बघायला शिकवलं, हे मी सभेत कबूल केलं आहे.

ओंकार आत आहे तो एका शब्दामुळे. 'गेलो'. त्याने लिहिलं की तो गेला. वाचणाऱ्याने वाचलं की मी गेलो. वाचणाऱ्याने न्यायालयात उभं राहून आपली चूक मान्य केली आहे. त्याची किंमत तो आणि माझी भाची देत आहेत आणि त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. आता वीस माणसं हवीत. सुगंधाच्या नात्यातली नकोत, माझ्या नात्यातली नकोत. काल पारावर गुरुप्रसाद म्हणाला, "बाई, कोर्टाच्या कागदार मालवणी? लोक हसतले." मी म्हटलं, हसू देत, पोरगा सुटल्यावर आपण पण हसू. अँजेला म्हणाली, "माझा नाव पयला लिवा. आमच्या घरात चर्चात मिस्साक जाताना पण गेलो म्हणजे तो गेलो." एक नाव झालं. एकोणीस हवीत. चाळीस आली तर आणखी बरं.

नोटरी तुम्हाला विचारील, शेजारी बाजारात गेला हे तुम्ही कसं सांगता. मग विचारील, तुम्ही स्वतः गेलात हे कसं सांगता. घाबरून शाळेतलं मराठी काढू नका. आज कोणी ते काढलं तर ओंकार आत राहील. घरात बोलता तसंच बोला, आणि तो लिहील ते सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या.

गुरुवारी, वीस नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता, आपलं आधारकार्ड घेऊन मालवणात तहसील कचेरीशेजारच्या नोटरीकडे या आणि तुमच्या बोलीत शपथपत्र करा.

आनंदीबाई